मागं सरका म्हणणारे कंडक्टरमामा

कंडक्टरमामा कुठंही गेले तरी आधी माणसं मोजायचे. लग्नाचा मांडव असो, बारशाचं जेवण असो नाहीतर आमच्या शाळेतली पालकसभा असो. दारात उभं राहून, ओठ हलवत, बोटानं हवेत टिंबं देत त्यांची मोजणी चालायची. मग मान डोलवून ते जाहीर करायचे, "बसलेले एकतीस, उभे सात." कुणी विचारलेलं नसायचं. एसटीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण बोट काही निवृत्त झालं नव्हतं.

त्यांचं नाव नागोराव, पण ते फक्त रेशनकार्डावर. उमरी तालुक्यातल्या त्या गावात लहानथोर सगळे त्यांना कंडक्टरमामाच म्हणत. मी मूळची लातूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन तिथं पहिल्यांदा उतरले तेव्हा दोन हातांत दोन बॅगा आणि डोक्यात बदली करणाऱ्यांवरचा राग, अशी माझी अवस्था होती. बस निघून गेली तरी मी रस्त्यातच उभी. मागून एक दणदणीत आवाज आला, "पुढं सरका मॅडम, पुढं सरका. मधीच कामून उभ्या राहायलाव?" चालत्या इंजिनावर बोलायची तीस वर्षांची सवय. शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ते मागच्या सीटवरच्याशी बोलावं तसं बोलायचे. योगायोग असा, की मला राहायला मिळालेल्या दोन खोल्या त्यांच्याच अंगणाच्या पलीकडच्या अंगाला होत्या. म्हणजे तो आवाज रोज पहाटेपासून माझ्या नशिबी आला.

त्यांची उभं राहायची एक तऱ्हा होती. कंबर टेकवायला काहीतरी लागायचं. खांब, झाड, उभी बैलगाडी, नाहीच काही मिळालं तर शेजारचा माणूस. पाय फाकवून, कंबर टेकवून, दोन्ही हात मोकळे सोडून ते उभे राहायचे. न जाणो, जमीन कधी ब्रेक मारेल. मामी म्हणायच्या, "यांची गाडी आजून डेपोत गेली न्हाई."

आणि गर्दीवर या माणसाचं जिवापाड प्रेम. 'भरलेली गाडी' ही त्यांच्या तोंडची सगळ्यांत मोठी तारीफ. रिकाम्या गाडीचा विषय निघाला की चेहरा सुतकी व्हायचा. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर निम्मं गाव जमायचं. तीन माणसांच्या बाजेवर मामा सहा बसवायचे. "सरका की जरा, तिथं आजून दोघं बसतेत," म्हणत एकेकाला असे खोचायचे, की उठायचं म्हटलं तरी सगळ्यांना एकदम उठावं लागे. मामी चहा पाठवायच्या आणि मामा मोजायचे. बसलेले चौदा, उभे पाच.

मामी अंगानं बारीक आणि बोलायला त्याहून बारीक. दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं, पण एकही वाया जायचं नाही. त्यांना दमा होता. मी गावात यायच्या आधी एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि नांदेडच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टर मामांना म्हणाले होते, "यांची छाती जपा. परत असं झालं तर अवघड आहे." मामांनी ते वाक्य ड्युटीचा कागद जपावा तसं जपलं होतं. चूल गेली, गॅस आला. अंगणातला उकिरडा लांब गेला. एवढा बेफिकीर दिसणारा माणूस, पण मामींना जरा ठसका लागला की बोलता बोलता थांबायचा आणि दुसरा ठसका येत नाही हे कळेपर्यंत पुढचा शब्द बोलायचा नाही.

कोरोना आला, शाळा बंद झाली आणि जनजागृतीचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलं. मी लातूरला जाऊ शकले नाही. त्या रागात मी माझ्या सुंदर अक्षरात अकरा पोस्टरं रंगवली आणि गावभर चिकटवली. हात धुवा, तोंड झाका, अंतर ठेवा. चौथ्या दिवशी बघते तर एका पोस्टरवर बैल अंग घासत होता आणि दुसऱ्याला टेकून लोक पत्ते खेळत होते. सगळीच्या सगळी पोस्टरं वाचली ती एकट्या मामांनी. चष्मा लावून, बोट फिरवत, एकेक शब्द. मग माझ्याकडं आले.

"मॅडम, म्हंजे माणूस माणसापासून लांब ठिवला की ह्यो रोग उपाशी मरतोय. असंच ना?"

"असंच."

"आन् छातीत जातोय."

"हो मामा."

त्यांनी वळून ओट्यावरच्या बाजेकडं बघितलं. "तीस वर्षं मी उलटंच काम केलो बगा," म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी बाज उचलून भिंतीला उभी केली. लोक आले, बाज बघितली आणि परत गेले. मामा दारात एकटेच खांबाला टेकून उभे होते. बोट हललं नाही. मोजायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेची पितळी घंटा मागायला आले. "शाळा बंदच हाय तर घंटा बी बसून कामून ठिवायची?" मी दिली. गावच्या खऱ्या जनजागृतीचा आरंभ तिथून झाला, माझ्या पोस्टरांपासून नाही, हे मी आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं.

रेशन दुकानासमोर चुन्यानं गोल आखायचं काम माझ्याकडं होतं. दोरी लावून, दोन दोन पावलांवर, भर उन्हात मी चाळीस गोल काढले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जाऊन बघते तर प्रत्येक गोलात एकेक चप्पल. एकात पिशवी, एकात तेलाचा डबा, एकात नुसता दगड. रांग कशी अगदी शिस्तीत. आणि चपलांचे, पिशव्यांचे, दगडांचे मालक सगळेच्या सगळे लिंबाखालच्या सावलीत खांद्याला खांदा लावून बसलेले, चुन्याची एकच डबी सगळ्यांत फिरायली होती. माझं डोकंच फिरलं. मी तिथंच भाषण सुरू केलं. एक म्हातारी मला समजावत म्हणाली, "मॅडम, तुमी सांगितलाव तसा नंबर लावलाय की. आमची चप्पल हाय बगा तिथं."

मामा मात्र हसायला लागले. माझ्यावर नाही, त्या चपलांवर. "मॅडम, ह्येंचं काई चुकलं न्हाई. खिडकीतून दस्ती टाकून जागा धरणारी माणसं हायेत ही. माणूस कुठं बी असंल, जागा दस्ती धरते." दस्ती म्हणजे रुमाल, आमच्याकडं एसटी थांबायच्या आत ती खिडकीतून सीटवर पडलेली असते, आणि मग ती सीट कुणी घेत नाही. मग त्यांनी घंटेचा एक ठोका दिला आणि इंजिनावरचा आवाज काढला. "चपलांला खोकला येत न्हाई. ज्याची चप्पल त्यानं तिच्यात येऊन उभं राहा. मागं सरका, मागं सरका."

'मागं सरका' हे शब्द त्यांच्या तोंडून गावानं पहिल्यांदा ऐकले. लोक उठायच्या ऐवजी त्यांच्याकडं बघतच बसले.

त्यानंतर मामांनी माझ्या हातातली चुन्याची बादली घेतली आणि लिंबाच्या सावलीत, दुकानाच्या भिंतीच्या सावलीत, देवळाच्या सावलीत नवे गोल काढले. "ऊन लागलं की माणूस सावलीला जाणारच. मंग गोलच तिकडं न्या की." मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, याचा मला आजही राग येतो. अकराला सावली सरकली, तर मामा बादली घेऊन सावलीच्या मागं. साडेबाराला पुन्हा. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे एकेक गोल पुढं. हे कुणाला शिकवायला लागलं नाही. एसटीत बसलेल्या प्रत्येकाला एका बेलचा आणि दोन बेलांचा अर्थ ठाऊक असतो. दुपारपर्यंत सगळं धान्य वाटून झालं आणि कुणी कुणाला चिकटलं नाही.

दुसरा घोळ मास्कचा. म्हणजे लोक तोंड झाकत नव्हते असं नाही. दस्ती होती, उपरणी होती, लग्नात आहेर मिळालेले टॉवेल तर पेट्या भरभरून होते. शेतात, रस्त्यात सगळे तोंड बांधून फिरायचे. पण मामांसारखा वडीलधारा समोर आला, की पहिली गोष्ट काय करायचे, तर दस्ती हनुवटीखाली ओढून "राम राम मामा" म्हणायचे. मोठ्या माणसाशी तोंड झाकून बोलणं त्यांना बरं दिसत नव्हतं. म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त जपायचं, नेमकं त्यांच्यासमोरच तोंड उघडं पडायचं. मी यावरही एक पोस्टर काढायच्या बेतात होते.

मामांनी पोस्टर होऊ दिलं नाही. ते बहिरे झाले. कुणी दस्ती खाली करून बोलायला लागलं, की मामा कानाला हात लावून म्हणायचे, "काय? ऐकू येईना बाबा." तो आणखी जवळ येऊन ओरडायचा. मामा मागं सरकून म्हणायचे, "तोंड उघडं असलं की मला ऐकू येत न्हाई. झाकून बोल." झाकून बोललं की लगेच ऐकू यायचं, अगदी कुजबुजसुद्धा. सरपंचांनासुद्धा त्यांनी भर चौकात दोनदा "काय?" केलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावातल्या एकेका म्हाताऱ्याच्या दारात, अंगणाच्या बाहेर उभं राहून, त्यांनी ही विद्या शिकवली. आठवड्याभरात गावातली झाडून सगळी म्हातारी माणसं बहिरी झाली. मुलगा, सून, नातू, कुणीही तोंड उघडं घेऊन आलं, की आज्जी आपल्या ढिम्म. म्हातारपणात एवढी सत्ता त्यांच्या हाती कधी आली नसेल. त्या दिवसांत घराघरातून "काय? ऐकू येईना" असे आवाज यायचे आणि पाठोपाठ हसण्याचे. मामी मला म्हणाल्या, "ह्येंला तसं बी मी बोललेलं कवा ऐकू येत होतं? आता निदान कारण सांगतेत."

पण मामांची एक जागा कच्ची होती आणि तिचं नाव लिंबाजी ड्रायव्हर. एकोणीस वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. मामांनी बेल द्यायची आणि लिंबाजींनी गाडी सोडायची. निवृत्तीनंतर लिंबाजी नांदेडला राहायचे. मधल्या काळात जरा सगळं सैल झालं होतं, तेव्हा एका दुपारी ते मोटारसायकलवर अचानक शाळेसमोर येऊन थांबले. मामा पटांगणात घंटा पुसत बसले होते. मी वर्गाच्या दारातून बघत होते. मामा उठले, धावले, आणि मी तोंड उघडायच्या आत दोघं एकमेकांच्या गळ्यात होते. मामांची दस्ती गळ्यात लोंबत होती. लिंबाजींना तर मास्क ठाऊकच नव्हता. तासभर शाळेच्या पायरीवर एकाला एक चिकटून ते हसत बसले आणि मी, इतकी बडबडी बाई, त्या आनंदाकडं बघून गप्प राहिले.

लिंबाजी परत गेले. दिवस मावळायच्या आत, मामा अजून पटांगणातच असताना, त्यांचा फोन आला. घरात मुलाला ताप होता म्हणून सकाळी सगळ्यांची तपासणी झाली होती, आणि आपल्याला काय होतंय म्हणून लिंबाजी रिपोर्टाची वाट न बघता मित्राला भेटायला निघाले होते. रिपोर्ट आला होता. त्यांना कोरोना होता. फोनवर ते रडत होते. मामा तेवढंच म्हणाले, "रडू नको लिंब्या. तू बरा हो. मी बगतो माझं."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "मॅडम, तिसरीच्या वर्गाची किल्ली द्या." घरी गेलेच नाहीत. घर रस्त्यापलीकडं समोरच. शाळेच्या फाटकातून त्यांनी हाक मारली, "सुरेखाची माय, मी चौदा दिस इथं हाय. तू आत हो." सुरेखा ही त्यांची धाकटी, तेव्हा लग्नाची. ती दारात आली, तिच्या मागून मामी आल्या. थोड्या वेळानं सुरेखानं फाटकाशी जेवणाचं ताट आणि पांघरूण आणून ठेवलं आणि दहा पावलं मागं गेली. मग मामा पुढं झाले.

त्या चौदा दिवसांत मी त्या माणसाला पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना ऐकलं. तिसरीच्या इवल्या बाकावर गुडघे वर काढून बसलेले असायचे आणि खिडकीतून समोरचं घर बघायचे. मामींशी त्यांचं ठरलं होतं. रोज सकाळी मामांनी दोन ठोके द्यायचे. दोन म्हणजे गाडी चालू हाय. मामींनी अंगणातून पळीनं ताटावर दोनदा वाजवायचं. सगळं गाव त्या आवाजावर घड्याळ लावायला लागलं होतं.

सहाव्या सकाळी घंटा वाजली नाही. मी दात घासत अंगणात आले तर मामी हातात पळी आणि ताट घेऊन उभ्या. सात वाजले, सव्वासात वाजले. मी तशीच शाळेकडं पळाले. मामा खिडकीशी उभे होते, हातात घंटा, आणि चेहरा उतरलेला. घसा धरला होता. आवाज फुटत नव्हता.

"मॅडम, दोन मारलो तर खोटं होतंय. एक मारलो तर ती घाबरतीय, आन् घाबरली की तिची छाती भरतीय." घोगऱ्या आवाजात मला विचारलं, "काय करू?"

कोणत्या पोस्टरवर याचं उत्तर नव्हतं. आणि तेवढ्यात समोरच्या अंगणातून ताट वाजलं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मामींनी त्यांची वाट न बघता आपणच बेल दिली होती. मामांचे डोळे भरून आले. तीस वर्षं दुसऱ्याला बेल देत आलेला माणूस, पहिल्यांदा त्याला कुणी तरी बेल दिली होती. त्यांनी घंटा उचलली आणि दोन ठोके मारले. मी खिडकीबाहेर उभी राहून रडले आणि रडले म्हणून स्वतःवरच चिडले.

त्याच दिवशी उमरीला नेऊन त्यांची तपासणी केली. काही निघालं नाही. डॉक्टरांनी घसा बघून विचारलं, "तुम्ही ओरडायचं काम करता का?" घसा ओरडूनच बसला होता. तरी मामांनी चौदा दिवस पुरे केले, एक तासही कमी नाही. तिकडं लिंबाजीही बरे झाले. पण मामा त्या एका मिठीबद्दल स्वतःला माफ करायला तयार नव्हते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सुरेखाचं लग्न ठरलं. सोयरिक किनवटची. व्याही दत्तराव म्हणजे जंगलकाठचा आडमाप माणूस. मिशा मोठ्या, हसणं मोठं, माया मोठी. लग्न मामांच्याच अंगणात, मोजक्या माणसांत. मामा हातात घंटा घेऊन दारात उभे राहून मोजत होते. "बसलेले अठ्ठावीस, उभे कुणी न्हाई." असा मांडव त्यांनी जन्मात बघितला नसेल. मामी आतल्या दारात, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला पदर आणि पदराखाली मास्क असा दुहेरी बंदोबस्त करून बसल्या होत्या.

व्याहीभेटीची वेळ आली. दोन्हीकडच्या वडिलांनी मांडवात एकमेकांना कडकडून भेटायचं, ही आमच्याकडची मानाची गोष्ट. ती झाली नाही तर लोक वर्षानुवर्षं बोलतात. दत्तरावांनी दोन्ही हात पसरले आणि पुढं निघाले. मामांनी घंटेचा एक ठोका दिला.

दत्तराव जागच्या जागी थांबले. सुरेखाचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हंजे काय मामा," दत्तराव म्हणाले, "आमी तुमची पोरगी घेऊन चाललो, आन् तुमी आमाले गळ्याले बी लावून नाही राहिले?"

मामांनी आवाज चढवला नाही. "दत्तराव, राग मानू नका. आत बसलीय तिची छाती न्हाई साथ देत. एकदा मी चुकलो, चौदा दिस शाळेत बसलो. देवानं सोडलं. परत चुकायची माझी हिंमत न्हाई." भरल्या मांडवात, व्याह्यांच्या समोर आपली चूक अशी सांगणारा बाप मी दुसरा बघितलेला नाही.

मग मामांची नजर भटजींच्या हातातल्या अंतरपाटावर गेली. ते पुढं झाले, त्याचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं दत्तरावांपुढं केलं. "नवरा-नवरी जलमभर संगं राहणार, तरी त्येंच्यात घडीभर ह्यो धरतेतच की. आपल्यात जरा जास्त येळ धरू."

दत्तरावांनी त्या टोकाकडं बघितलं, दारातल्या मामींकडं बघितलं. मग टोक मुठीत धरलं आणि असा हिसका दिला, की मामा तीन पावलं पुढं ओढले जाऊन मांडवाच्या खांबाला धरून सावरले. सगळा मांडव हसला. सुरेखा हसता हसता रडायला लागली. "झाली भेट," दत्तराव मिशीतून म्हणाले. "आता ह्ये कापड घडी करून ठेवा मामा. किनवटाले याल तवा मधून काढू." मामी दारातून उठल्या, आपल्या हातानं ते कापड घडी केलं आणि पेटीत ठेवलं. नवरा-नवरीसाठी मग माझी एक नवी शाल धरावी लागली, हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढं दुसरी लाट आली. तेव्हाचे दिवस मी इथं लिहिणार नाही. आसपासच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावात घंटा वाजत राहिली. लस आली तेव्हा लोक शेतात पळाले, तर मामांनी शाळेत एकेक खुर्ची सोडून एसटीसारख्या दोन रांगा लावल्या आणि खिडकीच्या जागा आधी येणाऱ्याला असं जाहीर केलं. खिडकीसाठी लोक परत आले. पहिल्या खिडकीला मामी बसल्या. मामा स्वतः सुईला इतके घाबरत होते, की शेवटच्या माणसापर्यंत "मी कंडक्टर हाय, मी शेवटी बसतो" म्हणत राहिले. शेवटी मामींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मान तिकडं करा. माणसं मोजा." त्यांनी डोळे मिटूनच मोजली.

असं करत दोन वर्षं गेली. त्या उन्हाळ्यात माझी लातूरला बदली झाली. ज्या बदलीची मी चार वर्षं वाट बघितली, तिचा कागद हातात आला आणि मला काही केल्या आनंद होईना. त्याच आठवड्यात किनवटहून निरोप आला. सुरेखाला मुलगी झाली होती, बारसं होतं. मामींनी लग्नानंतर लेकीचं घर बघितलं नव्हतं. दोन वर्षांत त्या गावाच्या वेशीबाहेर गेल्या नव्हत्या, एक दवाखाना सोडला तर.

मामांनी जीप सांगायची ठरवली. दोघंच, खिडक्या उघड्या. मामी म्हणाल्या, "मला एसटीनं जायचंय."

"भरलेली असतीय."

"तुमीच म्हणायचाव ना, भरलेली गाडी चांगली."

सकाळी मी त्यांना सोडायला फाट्यावर गेले. मामींच्या तोंडाला मास्क, काखेत पिशवी, आणि पिशवीत वरच तो घडी केलेला अंतरपाट. बस आली. पायरीपर्यंत माणसं. मामांनी दारातून आत बघितलं आणि सवयीनं बोट वर गेलं, पण ते मध्येच अडखळलं. मोजता येईना. मी त्यांचा चेहरा बघितला. घंटा हातात घेऊन खिडकीशी उभे होते त्या सकाळचा चेहरा.

"पुढची गाडी बगू," ते हळूच म्हणाले.

मामींनी त्यांच्याकडं बघितलं. "पुढची बी भरलेलीच येणार. मंग मी कवा जायचं, आवं?" आणि पायरीवर पाय ठेवला. ठेवला आणि थांबल्या, त्यांच्याकडं बघत. कंडक्टर त्यांचा होता. बेल त्यांनी द्यायची होती.

मामांनी एक लांब श्वास घेतला. "खिडक्या उघडा आधी," ते आत बघून म्हणाले. काचा सरकल्याचे आवाज आले. मग दोन वर्षं अडकून पडलेली ती जुनी हाक निघाली, इंजिनाच्या वरची, फाट्यावरची कुत्री उठवणारी. "पुढं सरका, पुढं सरका. मधी लई जागा हाय." आतली माणसं खरंच सरकली. कुणीतरी उठून मामींना खिडकीची जागा दिली. बसमधली तरुण कंडक्टर मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. तिनं बेलची दोरी मामांच्या हातात दिली. मामांनी दोनदा ओढली.

बस निघाली. मामींनी खिडकीतून मला हात केला. मागच्या काचेतून मामा दिसत होते. पाय फाकवलेले, दोन्ही हात मोकळे. आणि चारी बाजूंनी माणसांनी असे घट्ट धरले होते, की कंबर टेकवायला त्यांना काहीच लागत नव्हतं.